गिटारवाला पाहुणा

प्रस्तावना

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुमच्या ऐकण्यात असेल. ज्याचा मुक्काम एका ठिकाणी टिकत नाही, आज इथे तर उद्या तिथे अशी ज्याची स्थिती असते, त्याला उद्देशून ही म्हण वापरतात. नोकरीसाठी, मजुरीसाठी किंवा बदलीमुळे तुमच्यापैकी अनेकांनी आपले गाव सोडले असेल. परक्या शहरातली पहिली रात्र एखाद्या गाववाल्याच्या खोलीत किंवा दूरच्या नातेवाइकांच्या ओसरीवर काढली असेल. ती रात्र आणि त्या घरचे पहिले जेवण माणूस सहसा विसरत नाही.

प्रस्तुत पाठ वुडी गथ्री या अमेरिकन लोकगायकाविषयी आहे. खांद्याला गिटार अडकवून त्याने आपला देश पालथा घातला आणि वाटेत अनेकांच्या घरी पाहुणा म्हणून मुक्काम केला. त्याच्या गाण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या पाठात आपण त्याच्या मुक्कामांकडे अधिक लक्ष देणार आहोत. घर देणाऱ्याने काय दिले, पाहुण्याने काय परत केले आणि या हिशेबात कोणाचे काही राहून गेले का, हे वाचताना लक्षात ठेवा.

एक सूचना. चरित्रपर लेखनात थोर व्यक्तींचा उल्लेख आपण आदरार्थी बहुवचनात करतो. वुडीचा उल्लेख मात्र येथे एकेरी केला आहे. ज्यांच्याविषयी जवळीक वाटते, त्या कलावंतांना एकेरी संबोधण्याची मराठीची जुनी रीत आहे.

मूळ पाठ

(१)

वुड्रो विल्सन गथ्री याचा जन्म १४ जुलै १९१२ रोजी अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील ओकीमा या लहान गावी झाला. वुड्रो विल्सन हे त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. वडिलांनी त्यांचे नाव मुलाला दिले, पण सारे त्याला वुडीच म्हणत. वडील जमिनींच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करीत. आई नोरा हिला जुनी कथागीते पाठ होती आणि काम करता करता ती ती गात असे. वुडीच्या कानावर गाणे पडले ते असे, स्वयंपाकघरातून.

हे घर फार काळ उभे राहिले नाही. १९१९ मध्ये थोरली बहीण भाजून मरण पावली. आईचे वागणे हळूहळू विचित्र होत गेले. हातापायांवर तिचा ताबा राहीना, स्वभाव पार बदलला आणि १९२७ मध्ये तिला मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तिच्या आजाराचे खरे स्वरूप तेव्हा घरात कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच वर्षी वडीलही भाजून जखमी झाले आणि टेक्सास राज्यातील पॅम्पा या गावी नातेवाइकांकडे गेले. पंधरा वर्षांचा वुडी ओकीमातच मागे राहिला आणि ओळखीच्या कुटुंबांच्या आश्रयाने राहू लागला. पुढच्या आयुष्यात त्याने जे शेकडो मुक्काम केले, त्यांची सुरुवात ही अशी आहे. त्याला प्रवासाची हौस होती हे खरेच; पण पाहुणा होणे त्याच्या वाट्याला हौसेने आले नव्हते.

१९२९ मध्ये तोही पॅम्पाला गेला. तेथे त्याचे काका जेफ व्हायोलिन उत्तम वाजवीत. त्यांनी त्याला गिटार शिकवली. पोटासाठी वुडी दुकानांच्या पाट्या रंगवी आणि रात्री नाचगाण्याच्या कार्यक्रमांत वाजवी. १९३३ मध्ये त्याचा मेरी जेनिंग्ज हिच्याशी विवाह झाला.

याच सुमारास अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांवर एक मोठे संकट कोसळले. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला चांगला भाव आला म्हणून शेतकऱ्यांनी शतकानुशतकांची गवताळ जमीन नांगरून काढली होती. मातीला धरून ठेवणारी मुळे गेली. १९३० नंतर वर्षामागून वर्ष पाऊस कमी झाला आणि मोकळी माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ हा रविवार तेथे ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी धुळीची एक प्रचंड काळी भिंत मैदानांवरून सरकत आली आणि भर दिवसा अंधार झाला. वुडी तेव्हा पॅम्पातच होता. जगबुडी आली असे समजून लोक एकमेकांचा निरोप घेत होते, त्याविषयी त्याने पुढे गाणे रचले.

१९२९ पासून देशात आर्थिक मंदी होतीच. आता शेतीही गेली. कर्जात बुडालेली कुटुंबे मोडक्या मोटारींवर गाद्या, भांडी आणि मुले लादून कॅलिफोर्नियाची वाट धरू लागली. तेथे फळबागांत मजुरी मिळते असे त्यांनी ऐकले होते. शिकागोपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सुमारे ३,९०० किलोमीटर जाणारा ‘राजमार्ग ६६’ हा त्यांचा मुख्य रस्ता होता. १९३७ च्या सुमारास वुडीही या प्रवाहात सामील झाला. त्याच्याकडे मोटार नव्हती. कधी रस्त्यावर हात दाखवून कोणाच्या गाडीत बसावे, कधी मालगाडीच्या डब्यात चढावे, नाहीतर चालावे. भूक लागली की कोठेतरी पाटी रंगवून द्यावी किंवा गाणे म्हणावे.

या प्रवासाचे वर्णन त्याने ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात केले आहे. त्या पुस्तकात आठवण आणि कल्पना यांचे मिश्रण आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. तरीही त्यातील एक अनुभव खरा वाटतो. सुस्थितीतील वस्तीत त्याने काम मागितले तेव्हा त्याला नकार मिळाला आणि रेल्वेच्या रुळांलगतच्या गरीब घरांतून खायला मिळाले. ज्याने स्वतः उपास काढला आहे, त्याला दारातल्या माणसाची भूक विचारावी लागत नाही.

कॅलिफोर्नियाने मात्र या लोकांना दारातच अडवले होते. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिस शहराच्या पोलीसप्रमुखांनी आपले १३६ शिपाई राज्याच्या सीमेवर पाठवले. ज्यांच्या खिशात पैसे नाहीत आणि ज्यांना कामाची हमी नाही, त्यांना परत धाडावे असा त्यांना हुकूम होता. आपल्याच देशातील एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या नागरिकांना पोलिसांनी थांबवावे, ही गोष्ट वुडीच्या मनाला लागली. ‘डो रे मी’ या त्याच्या विनोदी गाण्याचा विषय हाच आहे. सा-रे-ग या स्वरांसाठी तिकडे जे शब्द वापरतात, त्यांतील ‘डो’ हा उच्चार बोलीभाषेत पैशालाही लावतात. त्या श्लेषावर सारे गाणे उभे आहे.

पाठगत प्रश्न १

(अ) वुडी पंधराव्या वर्षी ओळखीच्या लोकांच्या घरी का राहू लागला?
(आ) गवताळ जमीन नांगरल्याचा मातीवर कोणता परिणाम झाला?
(इ) १९३६ मध्ये सीमेवर शिपाई कोणाला अडवीत होते?

(२)

लॉस एंजेलिसच्या एका नभोवाणी केंद्रावर १९३७ पासून वुडीचा कार्यक्रम सुरू झाला. स्थलांतरित मजुरांना आपल्या गावाकडचा आवाज ऐकून बरे वाटे. मजुरांच्या छावण्यांत जाऊनही तो गात असे. कापूस वेचणारे आणि फळे तोडणारे हे लोक तंबूत किंवा पुठ्ठ्याच्या झोपडीत राहत होते, आणि तेथेही पाहुण्याला सोबत बसवून घेत. त्यांच्या हकीकती त्याच्या गाण्यांत उतरल्या. मुळात त्याची कीर्ती ‘धुळीच्या पट्ट्याचा गायक’ अशी झाली ती येथून.

१९४० च्या आरंभी तो न्यूयॉर्कला निघाला. विल गिअर या नटाशी त्याची कॅलिफोर्नियात मैत्री झाली होती आणि तो आता न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर काम करीत होता. भर हिवाळ्याचे दिवस होते. पेनसिल्व्हेनिया राज्यात बर्फाच्या वादळात रस्त्यावर हात दाखवीत उभा असताना वुडी गारठून मरायचाच बाकी होता. एका वनरक्षकाने त्याला गाडीत घेतले आणि घरी नेऊन गरम जेवू घातले, अशी हकीकत त्याच्या चरित्रात येते. त्या वनरक्षकाचे घर नसते, तर पुढची गाणी झाली नसती.

न्यूयॉर्कमध्ये तो प्रथम गिअर कुटुंबाकडे उतरला. पुढे काही काळ त्याने लेडबेली या कृष्णवर्णीय गायकाच्या लहानशा घरी पथारी पसरली. लेडबेली बारा तारांची गिटार वाजवी. त्याने तुरुंगवास भोगला होता आणि वर्णद्वेषही सोसला होता. त्या काळात गोऱ्या आणि काळ्या लोकांनी एका छताखाली राहणे दक्षिणेत अशक्य आणि उत्तरेतही असाधारण होते. लेडबेली आणि त्याची पत्नी मार्था यांनी वुडीला घरच्यासारखे ठेवले. दोघे गायक तासन् तास एकत्र वाजवीत बसत.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, नाहीतर आपले चित्र एकांगी होईल. वुडीचे सर्वांत प्रसिद्ध गाणे, ‘धिस लँड इज युअर लँड’, कोणाच्याही घरी लिहिलेले नाही. ते त्याने २३ फेब्रुवारी १९४० रोजी टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका स्वस्त हॉटेलात, एकटेपणात लिहिले. हा देश तुझा आहे आणि माझाही आहे, असा त्या शीर्षकाचा आशय. स्वतःचे घर नसलेल्या माणसाने भाड्याच्या खोलीत हे लिहावे, यातले काय ते ज्याने त्याने समजावे.

३ मार्च १९४० रोजी न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित मजुरांच्या मदतीसाठी एक कार्यक्रम झाला. तेथे लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी वुडीला ऐकले आणि ते त्याला वॉशिंग्टनला घेऊन गेले. त्याच महिन्यात लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी त्याच्या गाण्यांचे आणि आठवणींचे ध्वनिमुद्रण झाले. या काळात वुडी लोमॅक्स यांच्या घरी राहत होता आणि त्या मुक्कामाची आठवण लोमॅक्स पुढे सांगत असत. पाहुण्यासाठी पलंग तयार होता, पण वुडी आपले जाड जाकीट अंगावर घेऊन जमिनीवर झोपे. टेबलाशी न बसता मोरीच्या कट्ट्याजवळ उभ्यानेच जेवी. सुखाची सवय लागली तर रस्ता जमणार नाही, असे त्याचे म्हणणे.

यजमानाच्या दृष्टीने पाहिले तर हा पाहुणा सोपा नव्हता. आपण गादी घालावी आणि पाहुण्याने ती न वापरावी, यात घरच्या माणसाला थोडा कमीपणा वाटतोच. आमच्या लहानपणी मुक्कामाला येणारे एक आप्त स्वतःची सतरंजी बरोबर आणीत, आणि आजीला ते मुळीच आवडत नसे. ती म्हणे, आमच्या घरी काय सतरंजी नाही? वुडीच्या वागण्यात घरच्यांचा अनादर नव्हता, हे लोमॅक्स यांनी ओळखले होते. पण घेण्यातही एक मोठेपणा असतो, आणि तो वुडीला नेहमीच साधला असे नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) लेडबेलीच्या घरचा मुक्काम त्या काळी असाधारण का होता?
(आ) लोमॅक्स यांच्या घरी वुडी पलंगावर का झोपत नसे?

(३)

त्याच कार्यक्रमात वुडीची गाठ पीट सीगर या तरुणाशी पडली. सीगर हे नाव तुम्हांला नवे वाटेल, पण ‘हम होंगे कामयाब’ हे गीत तुम्ही शाळेत किंवा सभेत नक्की म्हटले असेल. त्याचे मूळ इंग्रजी गीत जगभर पोहोचवणाऱ्यांत सीगर प्रमुख होता. १९४० मध्ये तो एकवीस वर्षांचा होता, बॅन्जो वाजवी आणि लोमॅक्स यांच्या हाताखाली काम करी. मे महिन्यात वुडीने त्याला आपल्या प्लिमथ मोटारीत घातले आणि दोघे वॉशिंग्टनहून ओक्लाहोमा व टेक्सासकडे निघाले. मोटारीचे हप्ते अजून फिटायचे होते.

पीट सुशिक्षित घरातला होता. वडील संगीताचे अभ्यासक, आई व्हायोलिनवादक. रस्त्यावर कसे जगावे हे त्याला माहीत नव्हते आणि वुडीने ते त्याला शिकवले. मालगाडीत कसे चढावे हे तर शिकवलेच, पण त्याहून महत्त्वाचा धडा बारमध्ये गाण्याचा होता. पीट तो धडा आयुष्यभर सांगत असे. बॅन्जो पाठीला अडकवून आत जावे. पाच सेंटची बिअर घ्यावी आणि ती अगदी हळूहळू प्यावी. कोणीतरी विचारील, ‘काय रे पोरा, वाजवता येते का ते?’ लगेच हुरळून जाऊ नये. ‘येते थोडेसे’ म्हणावे आणि पीत राहावे. काही वेळाने कोणीतरी म्हणेल, एखादे गाणे वाजवशील तर पाव डॉलर देईन. (आपल्याकडे पूर्वी ‘पावली’ असे, तसे हे नाणे.) मग बॅन्जो पुढे घ्यावा आणि आपले उत्तम गाणे म्हणावे. मागून मिळवायचे नाही आणि फुकट वाटायचेही नाही, लोकांच्या मनात इच्छा उत्पन्न होईपर्यंत थांबायचे, हे त्यातले मर्म आहे.

ओक्लाहोमा सिटी येथे ते दोघे कामगार चळवळीतील एका दांपत्याकडे उतरले. तेथे तेल कामगारांची सभा होती. मुलांना सांभाळायला घरी कोणी नसल्यामुळे कामगारांच्या बायका मुलांना घेऊनच आल्या होत्या. सभा चालू असताना काही धिप्पाड माणसे आत आली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. ती सभा उधळायला आली असावीत, अशी शंका सर्वांना आली. यजमानांनी वुडी आणि पीट यांना हळूच सांगितले, सगळ्यांना गायला लावा. मग सारी सभा गाऊ लागली, बायका आणि मुलेसुद्धा. ती माणसे काही न करता निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पीट पाहतो तो वुडी टंकलेखन यंत्रापाशी बसलेला. घरच्या बाईंनी आदल्या दिवशी तक्रार केली होती की, कामगारांची इतकी गाणी आहेत, पण त्यांत बायका कोठेच नाहीत. वुडीने ‘युनियन मेड’ हे गाणे लिहिले. ‘रेड विंग’ नावाच्या एका जुन्या लोकप्रिय गाण्याची चाल त्याला लावली. कामगार चळवळीत ते पुढे अनेक दशके गायले गेले.

‘खाल्ल्या मिठाला जागणे’ असा वाक्प्रचार आपल्या भाषेत आहे. त्या घरी खाल्लेल्या मिठाला वुडी असा जागला. त्याच्याजवळ देण्यासारखे दुसरे काही नव्हते, आणि घरच्यांनाही दुसरे काही नको होते.

तेथून ते पॅम्पाला गेले. तेथे मेरी होती, तीन लहान मुले होती आणि धाकटा अजून वर्षाचाही झाला नव्हता. वुडी काही महिन्यांनी घरी आला होता, तोही जवळजवळ पाहुण्यासारखाच. एका प्रसंगी मेरीच्या आईने पीटला धरून दटावले की, या माणसाला माझ्या मुलीशी नीट वागायला सांग. पीट बिचारा काय सांगणार? ही आठवण पीटने स्वतःच सांगितली आहे, आणि ती सांगितली हे चांगले झाले. वुडीला शेकडो घरांची दारे उघडी होती, कारण त्याचे स्वतःचे घर मेरी एकटी सांभाळत होती. त्या घरातला चूल पेटवण्याचा खर्च कोणत्याही गाण्याने भागत नव्हता. काही वर्षांनी ते दोघे विभक्त झाले. भटक्या कलावंताच्या स्वातंत्र्याचे गुणगान करताना हा भाग गाळण्याकडे लेखकांचा कल असतो. तो गाळू नये, असे आम्हांला वाटते.

१९४१ मध्ये वुडी मेरी व मुलांसह वायव्येकडील पोर्टलंड शहरी थोडे दिवस राहिला. कोलंबिया नदीवरील धरणांच्या वीज प्रकल्पासाठी सरकारने त्याला एक महिना नोकरीवर ठेवले होते, आणि तीस दिवसांत त्याने सव्वीस गाणी लिहिली. पगारावर काम करण्याचा हा प्रकार त्याच्या आयुष्यात क्वचितच घडला.

१९४५ मध्ये मार्जरी मॅझिया या नर्तिकेशी त्याचा दुसरा विवाह झाला. पण लवकरच त्याचे हातपाय नकळत हलू लागले, बोलणे अडखळू लागले, राग अनावर होऊ लागला. फ्लोरिडात लेखक स्टेट्सन केनेडी यांच्या जागेत मुक्कामाला असताना, शेकोटी पेटवण्यासाठी ओतलेल्या पेट्रोलचा भडका उडून त्याचा हात भाजला आणि गिटार कायमची सुटली. आईला झालेला आजारच आपल्याला झाला आहे, हे १९५२ मध्ये स्पष्ट झाले होते. हंटिंग्टन नावाचा हा मेंदूचा आनुवंशिक विकार आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते.

१९५६ पासून वुडी न्यू जर्सी राज्यातील ग्रेस्टोन या इस्पितळात होता. ज्याने एका जागी राहणे आयुष्यभर टाळले, तो आता दाराबाहेर पडू शकत नव्हता. जवळच्या ईस्ट ऑरेंज या गावातील एका दांपत्याने तेव्हा एक नेम सुरू केला. दर रविवारी ते वुडीला इस्पितळातून आपल्या घरी आणीत. मार्जरी मुलांना घेऊन येई, जुने मित्र येत. त्याची गाणी ऐकून वाढलेली तरुण मुले गिटार घेऊन येत. वुडीला वाजवता येत नव्हते, बोलणेही कष्टाचे होते. तो बसून ऐके.

१९६१ च्या जानेवारीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा वुडीला भेटण्याच्या ओढीने दूरच्या मिनेसोटा राज्यातून न्यूयॉर्कला आला. त्याचे नाव बॉब डिलन. त्यालाही शहरात घर नव्हते आणि तो ओळखीच्यांच्या घरी कोचावर रात्री काढीत होता. इस्पितळात आणि त्या रविवारच्या घरीही तो वुडीसमोर बसून वुडीचीच गाणी त्याला म्हणून दाखवी. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी वुडीचे निधन झाले. डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शब्दार्थ

कथागीत – गोष्ट सांगणारे गाणे. पथारी – जमिनीवर घातलेले अंथरूण. श्लेष – एका शब्दातून दोन अर्थ निघणे. आप्त – नातेवाईक. टंकलेखन यंत्र – टाइपरायटर. आनुवंशिक – पूर्वजांकडून संततीकडे येणारा. एकांगी – एकच बाजू दाखवणारे.

भाषाभ्यास

‘यजमान’ हा शब्द संस्कृतातील ‘यज्’ या धातूपासून आला आहे. मूळ अर्थ यज्ञ करणारा. मराठीत त्याला घरमालक, पाहुणचार करणारा आणि पती असे अर्थ प्राप्त झाले. ‘आमचे यजमान बाहेरगावी गेले आहेत’ या वाक्यात कोणता अर्थ आहे, ते सांगा. ‘अतिथी’ या शब्दाची परंपरागत फोड ‘अ + तिथी’ अशी करतात. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. या दृष्टीने पाहता बर्फात सापडलेला वुडी हा खरा अतिथी म्हणावा लागेल; गिअर कुटुंबाकडे तो पाहुणा होता.

‘वुडी पाट्या रंगवी’, ‘तो जमिनीवर झोपे’, ‘आई गात असे’ या वाक्यांतील क्रिया एकदाच घडलेल्या नाहीत. भूतकाळात त्या वारंवार घडत. अशा क्रियापदांच्या काळाला रीती भूतकाळ म्हणतात. पाठातून आणखी चार उदाहरणे शोधून वहीत लिहा.

स्वाध्याय

१. पीटला बारमध्ये गाण्याविषयी मिळालेला धडा तुमच्या शब्दांत लिहा.

२. ‘युनियन मेड’ हे गाणे कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले, ते ८० ते १०० शब्दांत सांगा.

३. ‘वुडीला शेकडो घरांची दारे उघडी होती, कारण त्याचे स्वतःचे घर मेरी एकटी सांभाळत होती.’ लेखकाचे हे मत तुम्हांला पटते का? सकारण लिहा.

४. पाठाच्या पहिल्या भागातील पहिला परिच्छेद आदरार्थी बहुवचनात पुन्हा लिहा. (उदा. ‘गथ्री याचा जन्म’ – ‘गथ्री यांचा जन्म’)

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पथारी पसरणे, खाल्ल्या मिठाला जागणे, पालथा घालणे.

६. परक्या गावात तुम्हांला ज्यांनी प्रथम आसरा दिला, त्यांना पत्र लिहा. तसा प्रसंग आला नसेल, तर तुमच्या घरी मुक्कामाला राहिलेल्या एखाद्या पाहुण्याचे वर्णन करा. त्याच्या आवडीनिवडी आणि घरच्यांना झालेला त्रासही त्यात येऊ द्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) आईला इस्पितळात ठेवावे लागले आणि जखमी वडील पॅम्पाला गेले, म्हणून. (आ) मातीला धरून ठेवणारी मुळे गेली आणि पाऊस कमी होताच माती वाऱ्याबरोबर उडू लागली. (इ) खिशात पैसे आणि कामाची हमी नसलेल्या लोकांना.

२. (अ) त्या काळी गोऱ्या व काळ्या लोकांनी एका छताखाली राहणे दक्षिणेत अशक्य आणि उत्तरेतही असाधारण होते, म्हणून. (आ) सुखाची सवय लागली तर रस्त्यावरचे जीवन जमणार नाही, असे त्याला वाटे.